ठिपकेबाईंची साफसफाई

ज्या बाईच्या घरात गेल्या वर्षीचं सोडा, कालचं वर्तमानपत्रसुद्धा सापडत नाही, तिला संगणकाने "साफसफाई करू का?" असं विचारावं, याला काय म्हणायचं? उपाशी माणसाला जेवतोस का म्हणून विचारण्यासारखंच ते. ठिपकेबाईंनी क्षणात हो म्हटलं.

सोमवार होता, सकाळचे साडेदहा. जागा संपली, जागा संपली म्हणून ते यंत्र आठवडाभर रडत होतं. शाळेच्या ऑफिसातल्या कारकुनाने सांगितलं होतं की एक फुकट प्रोग्रॅम मिळतो, सगळा कचरा काढून टाकतो. बाईंनी तो घेतला आणि समोर आलेल्या झाडून सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा केल्या. चौकट रिकामी ठेवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. मग त्या चहा प्यायला गेल्या. परत आल्या तेव्हा बारा हजार चारशे फायली काढल्याचं पडद्यावर लिहिलं होतं. बाईंना फार बरं वाटलं.

त्यांच्या सासूबाई आल्यागेल्याला सांगत, "हिच्यासमोर फार वेळ स्वस्थ बसू नका हो. झाडून बाहेर टाकते." नवरा नेमका उलट्या टोकाचा. बाटल्यांची झाकणं, वाकलेले खिळे, बंद पडलेल्या घड्याळांचे काटे, सगळं डब्यांत भरून ठेवणारा. बाईंनी एक डबा फेकला की त्याने दुसरा भरायला घ्यायचा, असा त्यांचा संसार बावीस वर्षं सुखाने चालला होता.

ठिपके हे बाईंचं काम. अंध मुलांच्या शाळेच्या मागच्या बाजूला एक लांबट खोली आहे. तिथे बसून त्या एकोणीस वर्षं डोळसांची पुस्तकं ब्रेलमध्ये उतरवत होत्या. ब्रेलचं अक्षर सहा ठिपक्यांच्या घरात बसतं. त्यातले कुठले ठिपके वर उठवायचे आणि कुठले नाही, एवढ्यावर सगळी भाषा आणि सगळं गणित चालतं. त्यामुळे कीबोर्डवरची सहाच बटणं बाईंना लागत. ती झिजून गुळगुळीत झाली होती. बाकीच्या बटणांवर एव्हाना धूळ साचायला हवी होती, पण ती बाई साचू देतील तर ना.

त्या वर्षी शेवटच्या इयत्तेचं गणित बदललं होतं. जुनं पुस्तक निकामी झालं होतं आणि वर्गात सहा मुलं होती. चौदा प्रकरणं, ब्रेलची दोनशे चाळीस पानं, त्यावर सात महिन्यांची मेहनत. आता सगळं तयार होतं आणि पुढच्या आठवड्यात एकदम छापायचं होतं. परीक्षा सात आठवड्यांवर आली होती.

हे पुस्तक एकट्या बाईंचं नव्हतं. अर्धं मास्तरांचं होतं. मास्तरांनी याच शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेलं, लहानपणापासून अंध, आता निवृत्त. तरी आठवड्यातून तीन दिवस काठी टेकत यायचे आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसून बाईंची कच्ची पानं बोटांनी तपासायचे. ब्रेलमध्ये पाच आणि नऊ हे दोन्ही आकडे दोन-दोन तिरप्या ठिपक्यांचे. एक डावीकडून उतरतो, दुसरा उजवीकडून, एवढाच फरक. डोळ्यांना तो फसवतो. मास्तरांच्या बोटांना कधी फसवता आलं नाही. "ओळ सात. तुझा नऊ पुन्हा पाच झाला," ते म्हणायचे, आणि बाई यंत्रावर दुरुस्ती करून ते कच्चं पान टराटरा फाडून टाकायच्या. कच्चं कशाला ठेवायचं?

कुठल्या प्रकरणात किती चुका सापडल्या, ते बाई भिंतीवरच्या कागदावर मांडत. पहिल्यात एकतीस. मग सव्वीस, एकोणीस, अकरा, चार, एक. सातव्या प्रकरणापासून पुढे सगळीकडे शून्य. बाईंनी घरी दोनदा सांगितलं होतं की आता हात असा बसलाय, मास्तरांनासुद्धा चूक सापडत नाही. नवऱ्याने दोन्ही वेळा कौतुकाने मान हलवली होती.

तर, त्या सोमवारी दुपारी बाईंनी ब्रेलचा प्रोग्रॅम उघडला. नेहमीप्रमाणे चौदा प्रकरणांची यादी समोर आली. त्यांनी पहिल्यावर बोट दाबलं. फाईल सापडत नाही, असं उत्तर आलं. दुसऱ्यावर दाबलं, तेच उत्तर. चौदाव्यापर्यंत पोचेस्तोवर बाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

झालं होतं ते असं. बाई एकोणीस वर्षं त्या यादीतून फाईल उघडत आल्या होत्या आणि ती फाईल राहते कुठे, याची चौकशी त्यांनी कधी केलीच नव्हती. दिवा लागतोय तोवर वीज कुठून येते ते कोण विचारतं? प्रोग्रॅम जुना होता आणि आपल्या सगळ्या वस्तू 'तात्पुरतं' नावाच्या कप्प्यात टाकायचा. आधीची पुस्तकं छापून झालेली, म्हणून कधी अडलं नाही. साफसफाईच्या प्रोग्रॅमने सगळ्यात आधी तोच कप्पा धुऊन काढला. अति तेथे माती म्हणतात, ते काही उगाच नाही.

आता एखादी दुसरी बाई धावत मुख्याध्यापकांकडे गेली असती. बाईंनी उठून दाराला कडी लावली. एकोणीस वर्षांत त्यांच्या कामाला कुणी नावं ठेवली नव्हती, आणि आता सांगायचं काय? पुस्तक झाडून टाकलं म्हणून? त्यांनी छापील पुस्तक उघडलं, पहिलं पान समोर धरलं आणि सहा बटणांवर हात ठेवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

सोमवार, मंगळवार, बुधवार. मनगटं सुजली. शिकवलं होतं तसं दर पाच मिनिटांनी सेव्ह करत त्या टंकत राहिल्या. घरी टेबलावर दोन दिवसांचं वर्तमानपत्र तसंच पडून राहिलं. सासूबाईंनी ते बोटाने ढकलून पाहिलं आणि मुलाला हळूच विचारलं, "सून बरी आहे ना रे?"

गुरुवारी सकाळपर्यंत तीन प्रकरणं उभी राहिली. बाईंनी ती घाईघाईने कच्ची छापून मास्तरांच्या समोर ठेवली.

"हे तर मी वाचलंय," मास्तर म्हणाले.

"थोडा बदल केलाय. एकदा नजर..." बाई थांबल्या. "एकदा हात फिरवा."

मास्तर हसले आणि वाचू लागले. ओठ हलत होते, उजव्या हाताचं बोट ओळीवरून सरकत होतं. पान संपलं की "बरोबर" म्हणून ते उलटं ठेवत होते. बाई शेजारी उभ्या होत्या. सत्ताविसावं पान आलं आणि त्यांना दिसलं की ते कोरं आहे. छापताना दोन जाड कागद चिकटून आत गेले असणार, वरच्यावर ठिपके उठले आणि खालचा सपाट बाहेर आला. त्या "अहो, ते पान" म्हणणार, तेवढ्यात मास्तरांचं बोट त्या सपाट कागदावर चालू लागलं. डावीकडून उजवीकडे, मग खाली, पुन्हा डावीकडून उजवीकडे. ओठ हलत होते. शेवटच्या ओळीपर्यंत बोट नीट गेलं.

"बरोबर," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी पान उलटं ठेवलं.

मास्तरांना अकरा वर्षं साखरेचा आजार होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाय बधिर झालेत, चप्पल कधी निसटते ते कळत नाही, असं तेच गमतीने सांगायचे. बोटांबद्दल कधी बोलले नव्हते. बाईंनी पानं गोळा केली, "आज एवढंच," म्हणाल्या आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडल्या.

मात्र रडतारडताच त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. हे पुस्तक पुन्हा टंकता येईल, पण पुन्हा तपासता येणार नाही. जे मास्तरांनी वाचलंय, ते त्या गेलेल्या फायलींतच आहे. म्हणजे त्या फायलीच परत यायला हव्यात. त्याच दुपारी त्यांनी मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले की परीक्षेची तारीख त्यांच्या हातात नाही.

नवऱ्याने यंत्राची पेटी चादरीत गुंडाळली आणि दोघं ती स्कूटरवर मधे धरून दुरुस्तीवालीकडे घेऊन गेले. ही पन्नाशीची, केस आखूड कापलेली, चष्मा दोरीने गळ्यात. घराच्या गॅरेजमध्ये तिचं दुकान. तिने पेटीला हात लावायच्या आधी विचारलं, "फायली गेल्यावर हे वापरलंत का?"

"थोडं," बाई म्हणाल्या.

"थोडं म्हणजे?"

"चार दिवस."

"काय केलंत चार दिवस?"

"काम."

दुरुस्तीवालीने चष्मा काढला. "ताई, आळशी गिऱ्हाईक आलं की मला आनंद होतो. फाईल गेली की ते घाबरून यंत्र बंद करतं आणि आडवं होतं. त्याचं सगळं परत मिळतं. वाटोळं होतं ते कामसू लोकांचं."

मग तिने समजावून सांगितलं. फाईल पुसली म्हणजे लगेच जात नाही. खोलीच्या दारावरची नावाची पाटी तेवढी काढतात, आत सामान तसंच असतं. फक्त आता ती खोली रिकामी आहे असं यंत्राला वाटतं. नवीन भाडेकरू आला की तो जुन्याचं सामान बाहेर टाकून आपलं लावतो. "तुम्ही दर पाच मिनिटांनी एक नवीन भाडेकरू आणलात," ती म्हणाली. "बघते. शनिवारी या."

परतताना स्कूटरवर नवरा सिग्नलपाशी थांबल्यावर मागे न बघता म्हणाला, "मी डबे ठेवतो म्हणून रागावतेस." बाईंना राग यायला हवा होता, पण तो आला नाही. त्यांनी त्याच्या पाठीला डोकं टेकलं.

शनिवारी दुरुस्तीवालीने साडेतीनशे फायली काढून ठेवल्या होत्या, एकीलाही नाव नव्हतं. बाई तिच्या बाकावर बसल्या आणि एकेक उघडत गेल्या. जुन्या नोटिसा, वेळापत्रकं, अर्धवट कविता, आणि मग एकदम चौदावं प्रकरण. नंतर नववं. नंतर सहावं. दुपारी दोनपर्यंत दहा प्रकरणं सापडली, पाच ते चौदा, अगदी पूर्ण. पहिली चार नव्हती. तिथे तुकडे तुकडे होते, आणि त्या तुकड्यांच्या मधे बाईंनी याच आठवड्यात टंकलेल्या ओळी येत होत्या.

"पहिल्यांदा रिकामी झालेली जागा पहिल्यांदा भरली," दुरुस्तीवाली म्हणाली. "पण दहा म्हणजे पुष्कळ आहेत हो. तीन तुम्ही केलीतच. एक राहिलं."

खरंच होतं ते. बाईंना आठवड्यात प्रथमच श्वास घेतल्यासारखं वाटलं. सोमवारी सकाळी यंत्र जागेवर लावून, फायली दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून (बैल गेला आणि झोपा केला, म्हणा हवं तर), त्यांनी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं.

एकतीस, सव्वीस, एकोणीस, अकरा. चार, एक, शून्य, शून्य, शून्य.

त्यांच्या हाताला सवय झाली नव्हती. मास्तरांची बोटं जात होती. खरोखर वाचली गेली होती ती पहिलीच चार प्रकरणं, आणि नेमकी तीच बाईंनी स्वतःच्या हाताने, दर पाच मिनिटांनी, पुसली होती. जी दहा मोठ्या मिनतवारीने परत आली, त्यांवर मास्तरांचं बोट फिरलं होतं एवढंच. आता दोनशे चाळीसच्या दोनशे चाळीस पानांत कुठे पाच आहे आणि कुठे नऊ, हे सांगणारं कुणी नव्हतं. बाहेरून दुसरा वाचक मागवायला अर्ज लागतो आणि त्याचं उत्तर येईतो परीक्षा उलटून जाते. मुलांनाच तपासायला द्यावं, तर ती चुकीचा आकडा बरोबर म्हणून शिकणार.

अकरा वाजता काठीचा आवाज आला. मास्तर खुर्चीत बसले. बाईंनी स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं, सोमवारच्या साफसफाईपासून शनिवारच्या दुपारपर्यंत.

"आणि मास्तर," बाई म्हणाल्या, "गुरुवारी एक पान कोरं होतं."

मास्तरांचा अंगठा बोटांच्या टोकांवरून फिरत होता, तो थांबला. "कितवं?"

"सत्तावीस."

"मी काय म्हणालो?"

"बरोबर म्हणालात."

बाहेर मुलांची मधली सुट्टी झाली होती. तिचा गलका खिडकीतून आत येत होता.

"डोळे गेले तेव्हा मी दोन वर्षांचा होतो," मास्तर म्हणाले. "काही गेलं हे मला कळलंच नाही. हे मात्र रोज थोडं थोडं कळत गेलं. आधी वाटलं थंडी आहे. मग वाटलं, कागद हलका आलाय. घरी पुस्तक मांडीवर घेऊन बसतो. बायको विचारते, काय वाचताय? सांगतो काहीतरी."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुझं काम अडलं असतं. आणि तुझ्या चुका कमी होत चालल्या होत्या ना. मला वाटलं, तू केलंस म्हणजे बरोबरच असणार."

"आणि मला वाटत होतं, तुम्ही वाचलंत म्हणजे बरोबरच असणार," बाई म्हणाल्या. त्यांना हसू आलं आणि ते लगेच गेलं.

मग त्या उठल्या. छापील पुस्तक शेजारी ठेवून मी डोळ्यांनी तपासते, म्हणाल्या. मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. "पहिल्या वेळी त्या एकतीस चुका कुणाच्या डोळ्यांखालून गेल्या होत्या? डोळा लबाड असतो. जे असायला हवं तेच वाचतो. डोळे मिट आणि बोटाने वाच. गणित मी डोक्यात करतो. चुकीचं असेल तर उत्तर जुळणार नाही."

"मला बोटाने येत नाही, मास्तर."

"एकोणीस वर्षं ठिपके पाडतेस आणि येत नाही?"

"कधी वेळच आली नाही."

"आता आली," मास्तर म्हणाले.

बाईंनी पहिलं पान मांडीवर घेतलं आणि डोळे मिटले. बोटाखाली नुसती कचकच लागली, अक्षर म्हणून काही उमटेना. त्या मागे गेल्या, पुन्हा सुरू केलं. घाम आला. बऱ्याच वेळाने एक शब्द लागला, मग दुसरा. "आयताची... लांबी... बारा," त्या म्हणाल्या. "रुंदी... नऊ. म्हणून क्षेत्रफळ... साठ."

"बारा नव्वे एकशे आठ," मास्तर लगेच म्हणाले. "साठ कुठून आले? पुन्हा बघ."

बाईंनी पुन्हा बोट फिरवलं. पुन्हा नऊच लागला. आपलंच बोट चुकतंय अशी खात्री होऊन त्यांनी डोळे उघडले. छापील पुस्तकात रुंदी पाच होती. मांडीवरच्या पानावर मात्र ठिपके उजवीकडून उतरत होते, स्वच्छ नऊ. गेल्या आठवड्यात दोनदा याच ओळीवरून त्यांचे डोळे गेले होते आणि दोन्ही वेळा त्यांनी पाच वाचला होता.

"पाच हवा होता," बाई म्हणाल्या. "मी नऊ टंकलाय."

"बारा पंचे साठ. मांड भिंतीवर."

बाईंनी कागदावर नवा रकाना आखून त्यात एक लिहिला.

"किती ओळी झाल्या?" मास्तरांनी विचारलं.

"तीन."

"वेळ किती लागला?"

बाईंनी घड्याळ पाहिलं. "पंचवीस मिनिटं."

मास्तरांचे ओठ हलू लागले. ते मनात काय करताहेत ते बाईंना माहीत होतं. दोनशे चाळीस पानं, पानाला पंचवीस ओळी.

"रोज पाच तास धरले तर एकशे सदुसष्ट दिवस लागतील," ते म्हणाले. "परीक्षेला किती राहिले?"

"बेचाळीस."

मास्तरांनी आपली बोटं एकदा चोळली आणि हात मांडीवर ठेवले. "माझं बोट सात महिन्यांत गेलं. तुझं सहा आठवड्यांत यायला हवं," ते म्हणाले. "चल. पुढची ओळ."

बाईंनी डोळे मिटले.